शाळेबाहेरचा गट

सोमवार, २ जून २००३. सापगाव.

सबनीसबाईंनी मला कामावर घेतलं. एम.ए. होऊन तीन वर्षं घरात बसून आईची बोलणी खात होते, ती आजपासून बंद.

काम असं आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलांना बेरीज-वजाबाकी जमते ती कशाच्या जोरावर, हे तपासायचं. हीच तपासणी चीनमध्ये चालू आहे, इंग्लंडमध्ये चालू आहे आणि आता आपल्या मुरबाडात. बाईंनी फार छान समजावलं. चिनी मूल अकराला ‘दहा-एक’ म्हणतं, बाराला ‘दहा-दोन’. त्याला आतले दहा ऐकू येतात. आपल्या मुलाला ‘अकरा’ शब्दात दहा कुठून ऐकू येणार? एकोणीस तर वीस कळल्याशिवाय कळतच नाही. मग आपली मुलं अडखळतात ती भाषेमुळे, बोटांवर मोजतात म्हणून, की मनात आकडे धरून ठेवायची ताकद कमी पडते म्हणून? त्या ताकदीला बाई ‘मनातली पाटी’ म्हणतात. ती पाटी वयाने मोठी होते की शाळेने, हा खरा प्रश्न.

त्यासाठी दोन गट लागतात. एक शाळेत जाणारा, दुसरा शाळाच काय, अंगणवाडीही न पाहिलेला. दोघांची आत्ता एकदा तपासणी आणि फेब्रुवारीत पुन्हा. शाळेबाहेरचा गट डोंगरातल्या वाड्यांवर मिळतो, म्हणून मी. इकडची आहे, बोली कळते.

“फेब्रुवारीची फेरी नीट पार पाडलीस तर मुंबईत कायमची जागा आहे, दर्शना,” बाई म्हणाल्या.

रितेश रात्री जेवताना म्हणाला, “पोरांकडून चिंचोके मोजून घ्यायचा पगार देतात?” भाऊ असून याला माझं कधी चांगलं बघवलं नाही.

शनिवार, ७ जून

शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाड, तिथून दुसरी एसटी आणि पुढे पायवाट. उंबराची वाडी सिद्धगडाच्या पायथ्याला आहे. घरं कुडाची, दारात कोंबड्या आणि सगळीकडे पोरं. बाई खूश होतील.

आज पहिली तपासणी. पहिली मुलगी हिरी. बाप बुधू, आई भिमी. वय सहा असावं. “पूल बांदला त्या वर्सी झाली, का त्याच्या आदी का मागारी, आठवत नाय,” इतकंच भिमीला सांगता आलं आणि कुठला पूल तेही कळेना. मी सहा लिहिलं.

पोरगी लाजली नाही. मी तीन चिंचोके ठेवले, करवंटीखाली झाकले, वर आणखी दोन सरकवले. तिने हात पाठीमागे नेले, क्षणभर छताकडे पाहिलं आणि म्हणाली, “पाच.” मग सहा आणि तीन. पुन्हा हात पाठीमागे. “नऊ.” मी आकडे सांगायचे आणि तिने उलटे म्हणायचे, हा मनातल्या पाटीचा खेळ तर तिला इतका आवडला की मी थांबले तरी ती थांबेना.

मोजताना मात्र वीसच्या पुढे ती ‘एक ईस नि एक, एक ईस नि दोन’ असं जायला लागली. दोन ईस नि पाच म्हणजे पंचेचाळीस, हे मला कळतं, पण नियमावलीत एकवीस, बावीसच ग्राह्य आहे. वीसवर थांबली असं लिहिलं.

प्रत्येक उत्तरानंतर ती माझ्या तोंडाकडे बघायची. “बरोबर हाय, ताय?” बरोबर की चूक हे मुलाला कळू द्यायचं नाही असा नियम आहे. सगळ्याला एकाच आवाजात “छान” म्हणायचं. मी म्हणत राहिले. शेवटी ती म्हणाली, “आजून इचार ना.”

रविवार, १५ जून

संकट. या वाडीच्या शाळेवर भगीरथ गुरुजी आहेत. वाडीतल्या लोकांच्याच समाजातले, पलीकडच्या वाडीवर वाढलेले, डी.एड. करून परत आले. उद्या शाळा सुरू होते म्हणून ते घरोघर फिरून सहा वर्षांचं दिसेल ते पोर पटावर घेताहेत. माझ्या गटातली निम्मी मुलं गेली!

बाईंना मुरबाडच्या एसटीडी बूथवरून फोन केला. त्या म्हणाल्या, “दुसरी वाडी बघ. पण गट दहाच्या खाली गेला तर हा सगळा भाग अहवालातून वगळावा लागेल.” वगळावा लागेल, म्हणजे मलाही.

मंगळवार, १७ जून

दुसऱ्या वाडीवर मुलं मिळाली. हिरी धरून बरोबर दहा होतात. पण भिमी म्हणाली, गुरुजी येऊन गेले, पोरीला शुक्रवारी धाडणार.

मी तिच्या ओट्यावर बसले. पावसाने कुडाची भिंत ओली झाली होती आणि हिरी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन उभी होती.

“भिमे, एवढी घाई कशाला करतेस? हिरी लहान आहे अजून.”

“गुरजी म्हनतात सहा भरली.”

“गुरुजींना काय माहीत? तुलाच नक्की माहीत नाही. पुढच्या जूनमध्ये घाल. तोवर हा पोरगाही चालायला लागेल, तुला शेतावर जाता येईल.”

ती विचारात पडली. “गुरजी रागं भरतील.”

“मी सांगते त्यांना. आणि हे बघ, माझं काम झालं ना, की मी स्वतः हिरीचं नाव घालून देईन. पाटी, दप्तर, सगळं माझ्याकडून.”

“तुमी शिकलेल्या, ताय. तुमी सांगता तर आसलच कायतरी.” तिने मला बिनदुधाचा चहा दिला. हिरीला म्हणाली, “तायचा काम झाला का मंग तुला साळंत जायाचा. ताय घालनार तुला.”

घरी येताना थोडं वाईट वाटलं. पण एक वर्षाने काय बिघडतं? मीसुद्धा सातव्या वर्षी शाळेत गेले. आणि आपण अभ्यास करतो आहोत तो अशाच मुलांच्या भल्यासाठी आहे.

गुरुवार, २४ जुलै

मधली चक्कर. मुलं गटात टिकली आहेत की नाही एवढंच बघायचं होतं.

हिरी घरी नव्हती. शाळेच्या खिडकीच्या गजाला धरून, भावाला पाठीला बांधून, भिजत उभी होती आणि आतल्या मुलांबरोबर पाढे म्हणत होती. आतल्यांपेक्षा मोठ्या आवाजात. हातात पाटीचा एक फुटका तुकडा होता आणि त्यावर चार, पाच, सहा. सहा उलटा.

 हे असं चाललं तर फेब्रुवारीत तिचा उपयोग काय?

मी तिला बाजूला घेतलं. “पाटी कोणी दिली?”

“गुरजींनी.”

“ती मला दे. तुला मी मोठी देणार आहे ना? ही फुटकी कशाला?” तिने लगेच दिली. वर पेन्सिलीचा तुकडाही दिला, न मागता. मी बिस्किटाचा पुडा दिला. मग भिमीला जरा आवाज चढवून सांगितलं, की पोरगी शाळेकडे फिरकता कामा नये, नाहीतर माझं काम फुकट जाईल आणि मग मी तिचं नाव घालू शकणार नाही.

भिमीने माझ्यासमोरच हिरीच्या पाठीत दोन धपाटे घातले. “ताय सांगते ता आयकाचा!” बिस्किटाचा पुडा चिखलात पडला. मी म्हटलं, मारू नकोस गं. पण तिने मारल्यावर म्हटलं.

गुरुजी वर्गाच्या दारात उभे होते.

“म्याडम, ही पोर माझ्या वर्गातल्या सगळ्यांच्या पुढे जाईल,” ते म्हणाले. “तुम्ही अडवता का तिला?”

“मी कोण अडवणार? आईबापांची इच्छा.”

ते वर्गात परत गेले. आपल्याच माणसांत नोकरी मिळाली की काही लोकांना फार मोठं झाल्यासारखं वाटतं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनाला गेले नाही, पाऊस. गणपतीत घालायला बाईंच्या ओळखीच्या दुकानातून ड्रेस घेतला. निळा. आईने मुलगा बघायचं काढलं होतं, मी म्हटलं आधी नोकरी कायम होऊ दे.

मध्येच हिरीची आठवण आली. तिला एक फ्रॉक न्यावा का? पण एकाच मुलाला दिलं तर तपासणीवर परिणाम होतो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

भात कापून झालं आणि अर्धी वाडी वीटभट्टीवर निघाली. भिवंडीकडे, पडघ्याच्या पुढे. ट्रक उभा होता. भांडी, कोंबड्या, गोधड्या आणि वर माणसं.

शाळेतली मुलं मात्र आजी-आज्यांजवळ मागे ठेवली आहेत. यंदापासून शाळेत दुपारी खिचडी मिळते, त्यामुळे एका वेळच्या जेवणाची काळजी मिटते, असं गुरुजींनी सांगून सांगून पटवलंय. हिरीच्या आजीनेही विचारलं होतं म्हणे, हिला ठेवू का. पण हिचं नावच नाही पटावर, मग खिचडी कशी मिळणार? म्हातारीला स्वतःला एक वेळ पुरत नाही.

गुरुजी ट्रकजवळ येऊन भिमीला म्हणाले, “आजून बी नाव घालतो. आत्ता घालतो. पोरीला खाली उतरव.”

भिमीने माझ्याकडे पाहिलं.

मी काय करणार होते? तीन महिने राहिले होते फक्त. मी म्हटलं, “आईबापाजवळ राहू दे लेकरू. आजी म्हातारी आहे, काही झालं तर?”

यात खोटं काय होतं? लेकरू आईजवळच असावं. ट्रक निघाला तेव्हा हिरी वरून ओरडली, “ताय, तुजा काम झाला का?” मी हाताने ‘थोडं राहिलं’ अशी खूण केली. ती हसली. गुरुजी माझ्याकडे न बघता शाळेकडे गेले.

एक आहे. भट्टीवर शाळा नाही. त्या बाजूने आता काळजी नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी २००४

दुसरी फेरी. बाकीची नऊ मुलं झाली, आज हिरीसाठी भट्टीवर गेले. धूर आणि लाल धूळ, नवा ड्रेस खराब झाला. भिमी चिखल तुडवत होती. मला बघून धावतच आली.

“ताय! काम झाला का?”

“होतंय. हिरी कुठे?”

“ती नाय हितं. भट्टीच्या शेठच्या लेकीकडं हाय, पोरगा सांभाळाला. मुकादम म्हनला, पोर साळंत जात नाय, मंग धुळीत का ठेवता, तिकडं दोन येळा खाल. नेली त्यानं.”

“कुठे राहते शेठची मुलगी?”

“ता काय म्हाईत? कल्यानला म्हनतात. मोठी बिल्डिंग हाय.” बुधू मागे उभा होता, मान खाली घालून. भिमीने पदराने तोंड पुसलं. “तुमी जाल का, ताय? जाल तर सांगा तिला, आय आली व्हती म्हनून. जूनमदी साळंत जायाचा हाय म्हनावा.”

मुकादम चांगो टपरीवर भेटला. आधी पत्ता देईना. मी संस्थेचं ओळखपत्र दाखवलं, सरकारी काम आहे म्हटलं, तेव्हा दिला.

बुधवार, ११ फेब्रुवारी

कल्याण. तिसरा मजला. शेठच्या लेकीने दार उघडलं. बोलायला बरी आहे. आधी घाबरली, मग मी पोलिसांकडची नाही कळल्यावर चहा ठेवायला सांगितला. “आमच्याकडे घरच्यासारखी राहते हो ती. फक्त बाळाकडे बघायचं. भाषा तेवढी सुधरवतेय मी तिची.”

चहा हिरीने आणला. केस बारीक कापले होते. मनगटावर चटक्याचा डाग होता, तव्याचा असेल. मला बघून तिने कप खाली ठेवला आणि भिंतीला लागून उभी राहिली. शेठच्या लेकीने “बोल की” म्हटल्यावर म्हणाली, “नमस्ते.”

आम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो. मी करवंटी आणि चिंचोके काढले तेव्हा कुठे तिचा चेहरा उघडला. पण हात पाठीमागे न्यायची ती सवय आता नव्हती, हात मांडीवर घट्ट धरलेले. सहा आणि तीन. ती दाराकडे बघायला लागली. आतून बाळ रडलं की उठायची, परत यायची, आणि आकडा विसरलेला असायचा. उलटे आकडेही दोनापलीकडे जाईनात. मोजताना वीसला आली आणि थांबली.

“पुढे?”

ती हळूच म्हणाली, “एक ईस…” आणि पटकन दाराकडे बघून गप्प बसली.

नियमाप्रमाणे सलग तीन चुका झाल्या की थांबायचं. मी थांबले. तेव्हा तिने माझा हात धरला.

“ताय, चुकला का माजा?”

“छान.”

“आजून इचार. आता सांगन. खरंच सांगन, इचार ना ताय.” ती फार हळू बोलत होती. “सगला बरोबर आला का मंग साळंत घालशील ना? आयनी सांगितला ना तुला, मला न्यायाला?”

 मी म्हटलं, “झालं की येते.”

“आता झाला ना काम?”

बाळ रडलं. आतून हाक आली. ती उठून गेली, आणि मी चिंचोके भरून निघाले. जिना उतरताना आठवलं की आई आली होती म्हणून सांगायचं राहिलं. परत चढावंसं वाटलं नाही.

गुरुवार, ११ मार्च

बाई इतक्या खूश मी कधी पाहिल्या नाहीत. शाळेतली मुलं पुष्कळ पुढे गेली आणि शाळेबाहेरचा गट जागच्या जागी, हिरी तर मागे! “म्हणजे मनातली पाटी वयाने नाही वाढत, दर्शना, शाळेने वाढते. किती स्वच्छ निघालंय बघ!” हे चीन आणि इंग्लंडच्या लोकांसमोर मांडणार आहेत. माझं नाव खाली येईल.

मग चष्मा काढून म्हणाल्या, “एक विचारते. आपण कुठल्या मुलाला शाळेपासून अडवलं, असं झालेलं नाही ना? तसं एक जरी निघालं तर हे सगळं रद्द होईल. आणि व्हायलाच हवं.”

“नाही बाई. आईबापच पाठवत नव्हते.”

बाईंनी माझा हात दाबला. एक जुलैपासून मुंबईत.

शनिवार, १९ जून २००४

सकाळी ओसरीवर सामान बांधत होते. फाटकात भगीरथ गुरुजी आणि भिमी. पहाटेच्या पहिल्या गाडीने आले असणार, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. भिमीने पदरातून शेवळं काढून आईपुढे ठेवली. पावसाची पहिली रानभाजी, पानात गुंडाळलेली.

“ताय, साळा सुरू झाली,” ती म्हणाली.

मी पाणी आणायला वळले, तर गुरुजी म्हणाले, “पाणी राहू द्या. शेठ म्हणतो, त्याच्या मुलीने भाड्याची जागा सोडली, गुजरातकडे गेली. पोरीबद्दल विचारलं तर म्हणतो, ती आधीच पळाली. चांगो भेटत नाही. पोलिसांनी विचारलं, कुठल्या घरात होती, शेवटचं कोणी बघितलं? आम्हाला घरच माहीत नाही. भिमी म्हणते, तुम्ही तपासायला जाणार होता.”

“ताय गेली आसल,” भिमी म्हणाली. ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी हिरीला आतल्या खोलीतून बाहेर आणणार आहे. “तायनं बघितली आसल तिला.”

पत्ता मला पाठ आहे. इमारतीचं नाव, मजला, शेजारच्या दारावरची पाटीसुद्धा. पण पोलिसांना सांगायचं म्हणजे जबाब. जबाब म्हणजे मुलगी शाळेत का नव्हती, हेही आलं. गुरुजी तेवढ्यासाठीच सोबत आले होते. त्यांची नजर मला कळत होती.

“मी गेले नाही,” मी म्हटलं. “हिरी सापडली नाही म्हणून तिचं सोडून दिलं.”

गुरुजी म्हणाले, “नक्की?”

“नक्की.”

भिमी तरी उठेना. मग म्हणाली, “मंग तुमचा काम आडला आसल, ताय. माज्या पोरीमुळं.”

“चालायचंच,” मी म्हटलं.

ते गेल्यावर आईने विचारलं, कोण होती गं? मी म्हटलं, वाडीवरची. पोलीस काय, शोधतीलच. शेठचा पत्ता आहे त्यांच्याकडे, त्यावरून मुलीचं घर काढणं काही अवघड नाही. मी सांगितलं नाही म्हणून अडायचं काही कारण नाही.

दुपारी आईने शेवळांची भाजी केली, काकडाची आंबट रानफळं घालून, म्हणजे घशाला खाजत नाही. मी दोनदा घेतली. मुंबईत ही भाजी मिळणार नाही.